चरखीचा रकाना

लखनौच्या चौकात, गोल दरवाजापासून दोन-तीन गल्ल्या आत, एका चिकनकामाच्या दुकानावरच्या माडीत सहा-सात माणसं मांडी घालून बसली होती आणि आपापल्या पराभवांवर भांडत होती. जिंकलेल्या सामन्यांबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं. होळी आठवड्यावर आली होती. मधे लाल कापडी बांधणीचं एक रजिस्टर उघडं पडलं होतं, आपल्याकडे किराणा दुकानात उधारीचं असायचं तसलं, आणि रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका कारकुनाचं बोट त्यातल्या एकेका ओळीवर थांबत पुढे सरकत होतं. हा पतंगबाजांचा क्लब. हंगाम संपला की त्याचा असा हिशेब बसतो. मी पाहुणी होते. पण खरं सांगायचं तर माझीही एक ओळ त्या रजिस्टरात अडकलेली होती, आणि तिच्यासाठीच मी चार महिन्यांत दुसऱ्यांदा मनमाडहून गाडी धरून इथे आले होते.

मी येवल्याची. बाहेरच्यांना आमचं गाव पैठणीमुळे माहीत. इतिहासाची आवड असेल तर तात्या टोपे तिथे जन्मले म्हणूनही. गावात राहणाऱ्याला मात्र भोगी, संक्रांत आणि कर हे तीन दिवस आधी आठवतात. त्या तीन दिवसांत माग थांबतात आणि सगळं गाव धाब्यावर चढतं. हलकडी वाजत असते, घसे बसलेले असतात, कुणाचा पतंग कापला की चारी बाजूंनी "वक्काट!" अशी आरोळी उठते. मांजा आमच्याकडे फिरकीवर नसतो, आसारीवर असतो. बांबूच्या कामट्यांचा भला थोरला पिंजरा आणि मधून आरपार दांडा. माझं सगळं लहानपण ती आसारी धरण्यात गेलं. पतंग दादाचा, आसारी माझी. त्यानं दुसऱ्याचा पतंग कापला की तो ओरडायचा, "मी कापला!" त्याचा कापला गेला की मागे वळून म्हणायचा, "आसारी नीट धरली नाहीस." दहा-बारा संक्रांती मी हे ऐकलं. पुढे लग्न झालं, धाबं सुटलं. ते वाक्य मात्र कुठे गेलं नाही.

लखनौला कारण झालं ते भाचीचं. ती तिथे भातखंडे विद्यापीठात गायन शिकते. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली कैसरबागेत मॅरिस कॉलेज म्हणून जे सुरू केलं, तेच हे. पुढे श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते कितीतरी वर्षं चालवलं. त्यामुळे लखनौच्या गाण्याच्या वर्तुळात मराठी आडनाव ऐकून कुणी दचकत नाही. भाची चौकात एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर राहते. घरमालक जरदोजीचे कारागीर, वयाची सत्तरी गाठलेले. ती त्यांना चचा म्हणते. सगळी गल्ली उस्ताद म्हणते. ते जरीच्या कामातले उस्ताद असावेत असा माझा समज होता.

दिवाळीला मी तिच्याकडे गेले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाके फार उशिरापर्यंत वाजले नाहीत, याचं मला नवल वाटलं. भाची म्हणाली, "मावशी, उद्या जमघट आहे. सगळ्यांना पहाटे उठायचंय."

आपल्याकडे त्या दिवशी पाडवा. ओवाळणी, नवी साडी, दुपारी सुस्ती. लखनौत त्याच प्रतिपदेला परेवा म्हणतात, आणि परेव्याला अख्खं शहर छतावर. अवधीत परेवा म्हणजे पारवासुद्धा. आपला 'पारवा' त्याचाच भाऊ. ज्या दिवशी सगळे वर बघतात त्याला पाखराचंच नाव लागावं, हा योगायोग मला आवडला. पतंगाचा दिवस तसा प्रत्येक गावाचा निराळा. अहमदाबादचा आणि आमचा संक्रांतीचा, दिल्लीचा १५ ऑगस्ट, जुन्या लाहोरचा वसंत पंचमीचा. लखनौनं दिवाळीनंतरचा पहिला दिवस धरला, आणि तो इथे हंगामाचा शेवट नसून सुरुवात आहे. तिथून होळीपर्यंत दर रविवारी मैदानं भरतात.

सकाळी सातला मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिले आणि खाली गल्लीत पाहिलं. चौकाची गल्ली रिकामी. कुणाला सांगितलं तर पटणार नाही. आवाज सगळा वरच्या अंगाला होता. समोरच्या छतावर एक आजोबा खुर्ची टाकून बसले होते आणि दोन नातवंडांना हातवाऱ्यांनी शिव्या देत होते. पलीकडे स्पीकर, त्यापलीकडे आणखी मोठा स्पीकर. दूर रूमी दरवाजाच्या बाजूचं आकाश बुट्टे काढल्यासारखं भरून गेलं होतं. बाजारात नेत्यांचे चेहरे छापलेले पतंगही होते, ते उस्तादांनी हातात घेऊन परत ठेवून दिले. शाईनं कागद जड होतो म्हणाले. माणूस कुठल्या पक्षाचा आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

इथे पतंगाला जुनी माणसं अजून कनकौआ म्हणतात. उभी काडी ती ठुड्डा, आडवी वाकवलेली ती काँप. आपली कण्णी म्हणजे त्यांचे कन्ने. साधा दोरा सद्दी, काच लावलेला माँझा, आणि तो बहुतेक बरेलीचा. पतंग एका बाजूला कलंडत असेल तर तो 'कन्नी खातो', मग दुसऱ्या टोकाला चिंधीचा तुकडा बांधून त्याला सरळ करायचं. उस्ताद हे सगळं करत होते तेव्हा त्यांच्या बोटांकडे मी बघत राहिले. जरीच्या सुईनं आणि मांजानं मिळून त्या बोटांवर इतक्या रेघा ओढल्या होत्या की कुठली कशाची, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

चरखी धरायला त्यांचा नातू होता. तो मधेच खाली पाणी प्यायला गेला आणि चरखी कुणीतरी माझ्या हातात दिली. दिली म्हणण्यापेक्षा, मी घेतली. आसारीपेक्षा ती केवढीशी! दोन मुठी, मधे लाकडी नळकांडं. पण हाताला काय करायचं ते माहीत होतं. ढील सुटली की मुठी इतक्या सैल धरायच्या की चरखी आपोआप पळावी. अंगठा लागता कामा नये. खेच सुरू झाली की मांजा पायाशी पडतो, तो गुंता न होता उचलून गुंडाळायचा. उस्तादांनी एकदा मागे पाहिलं. काही बोलले नाहीत. त्यांचा नातू परत आला तर त्याला डोळ्यांनीच 'थांब' म्हणाले.

मग तो पेच लागला. समोरचा पतंग चांदतारा, काळा, फार लांबून आलेला. उस्तादांनी खेच केली नाही, ढील दिली. हा जुना रिवाज, असं त्यांनीच नंतर सांगितलं. हल्लीच्या पोरांना खेचाखेच आवडते, चार-पाच सेकंदांत निकाल. ढीलचा पेच मात्र लांबत जातो. दोन्ही पतंग एकमेकांना अडकून दूर-दूर सरकतात, टिकलीएवढे होतात, आणि दोन माणसं दोन छतांवर उभी राहून एकमेकांच्या धीराची परीक्षा बघतात. चरखी माझ्या हातात गरगरत होती. आवाज मला अजून ऐकू येतो. आणि एका क्षणी माझा अंगठा लाकडाला लागला. लागला असावा. अर्धा क्षण. दोरी किंचित ताठली, उस्तादांचा हात वर गेला, आणि मग तो हात मोकळा झाला. ज्यानं कधी पतंग उडवला आहे त्याला हा मोकळेपणा कळेल. समोरून आरोळी आली, "वो काटा!" आमच्या वक्काटपासून ती फार लांब नाही.

उस्ताद वळले. मी वाक्याची वाट पाहत होते. ते म्हणाले, "चाय पीजिए, बाजी."

त्यांच्या क्लबचं नाव मी इथे देत नाही. त्यांना ते आवडणार नाही. पुढल्या रविवारी त्यांच्यासोबत गोमतीच्या काठावर गेले तेव्हा क्लब म्हणजे काय ते दिसलं. एक वकिलाचा मुन्शी, एक मोबाइल दुरुस्त करणारा पोरगा, दोन सख्खे भाऊ मिठाईवाले, एक शाळामास्तर, तो रेल्वेतला कारकून, आणि उस्ताद. बाई एकही नाही. छतावर असतात, मैदानावर नसतात. मी विचारलं तेव्हा सगळे एकदम फार अदबीनं बोलू लागले आणि उत्तर कुणीच दिलं नाही. लखनौची तहजीब कशाकशासाठी वापरता येते, ते त्या दिवशी कळलं.

सामना नऊ पेचांचा. दोन संघ समोरासमोर, मधे बरंच अंतर, पंच मधोमध मान वर करून. पतंग ठरलेल्या उंचीला पोचल्याशिवाय पेच लावायचा नाही. दोन्ही दोऱ्या एकदम तुटल्या तर पेच परत. काठावर प्रेक्षक कमी आणि तज्ज्ञ जास्त. जमघटच्या गोंगाटाची मला सवय झालेली, तर इथे भलतीच शांतता. कापणारा ओरडत नाही. कापला गेलेला उरलेली दोरी हातानं मोजल्यासारखी ओढून घेतो, आणि मुन्शी लिहितो. तो सामना ५-४ असा गेला. आमच्या बाजूनं, असं मी नकळत लिहायला निघाले होते. गेला समोरच्यांच्या बाजूनं.

परतताना पक्क्या पुलावर उस्ताद बोलायच्या लहरीत आले. नवाब आसफउद्दौलाचा पतंग त्यांनी असा वर्णन केला की जणू काल पाहिला. त्याला सोन्या-चांदीची झालर असायची म्हणतात, आणि ज्या गरिबाच्या अंगणात तो कटून पडे त्याची चार दिवस चूल पेटे. १७८४च्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून ज्यानं बडा इमामबाडा बांधायला घेतला, त्याच माणसाबद्दलची ही गोष्ट, तेव्हा स्वभावाला धरून आहे खरी. मौलाना अब्दुल हलीम शरर यांनी 'गुजिश्ता लखनौ'मध्ये कबुतरं, बटेर आणि पतंग यांवर जे लिहून ठेवलंय ते वाचताना वाटतं की या शहराला राज्य गेल्याचं जेवढं दुःख झालं तेवढंच उस्ताद लोक गेल्याचं झालं असावं.

पण मला जी हकीकत सगळ्यांत आवडते ती नवाबांची नाही. नोव्हेंबर १९२८च्या अखेरीस सायमन कमिशन लखनौला आलं. रस्त्यावर निदर्शनं झाली, जवाहरलाल नेहरू आणि गोविंद वल्लभ पंत यांनी लाठ्या खाल्ल्या. तालुकदारांनी कैसरबागेत कमिशनला मेजवानी दिली तेव्हा चारी बाजूंनी पोलिसांचा कडेकोट बंदोबस्त. आणि वरून पतंग आले. त्यांवर लिहिलं होतं, सायमन परत जा. ही कल्पना चौधरी खलीकुज्जमान आणि त्यांच्या सोबत्यांची. नेहमी सांगतात ती पोलिसांच्या फजितीची बाजू. मला आठवतो तो महिना. नोव्हेंबरचा शेवट म्हणजे इथे ऐन हंगाम. त्या दिवशी आकाशात पतंग दिसले नसते तरच पोलिसांना संशय आला असता. आणि कैसरबागेतच तेव्हा भातखंड्यांचं कॉलेज दोन वर्षांचं झालं होतं.

मी येवल्याला परतले. मधला हंगाम मला दिसला नाही, तो मी मार्चमध्ये त्या रजिस्टरातून वाचला. म्हणजे ऐकला, कारण रजिस्टर उर्दू लिपीत आहे आणि मला ती येत नाही. रकाने असे: तारीख, मैदान, हवा, मांजा, उडवणारा, चरखी, निकाल. हवा हा स्वतंत्र रकाना, आणि त्यात बहुधा दोनच शब्द. पछुआ, म्हणजे पश्चिमेची, कोरडी, कडक. पुरवा, म्हणजे पूर्वेची, ओलसर. "पुरवा में माँझा सो जाता है," मास्तर म्हणाले. डिसेंबरच्या शेवटापासून महिनाभर मात्र त्या रकान्यात तिसराच शब्द होता: कोहरा. धुकं. ओळीमागून ओळ, कोहरा, सामना पुढे ढकलला. संक्रांतीला मी उस्तादांना फोन केला होता ते आठवलं. आमच्या धाब्यावर हलकडी वाजत होती, ऊन करकरीत, आणि ते तिकडून म्हणाले होते की इथे समोरच्या मशिदीचा मिनार दिसत नाही, खिचडी खाऊन रजईत बसलोय.

या वर्षी क्लब जिंकण्यापेक्षा हरला जास्त. पण माडीवर ज्या ओळीवर सर्वांत जास्त वेळ गेला तो एक हरलेला सामना होता, आणि त्यात मांज्याच्या रकान्याशी मुन्शीनं 'हरकत' असा शेरा मारलेला. समोरच्या संघातल्या एकाचा मांजा सुती नव्हता असा मोबाइलवाल्या पोराचा दावा. आपल्याकडे ज्याला नायलॉन मांजा म्हणतात त्याला तिकडे चायनीज म्हणतात. चीनशी त्याचा संबंध नावापुरता. राष्ट्रीय हरित लवादानं जुलै २०१७ मध्ये देशभर त्यावर बंदी घातली. बंदी आहे आणि मांजाही आहे. तो तुटत नाही, म्हणून दुचाकीवाल्याचा गळा तुटतो. येवल्या-नाशिककडे आम्ही हे पाहिलेलं आहे. लखनौत त्यात आणखी भर पडली. मेट्रोच्या वरून जाणाऱ्या तारांत २५,००० व्होल्टचा प्रवाह असतो, आणि धातूची पूड लावलेला मांजा त्यावर पडला की वीज जाते, गाडी मधेच उभी. जमघटच्या आधी मेट्रोवाले दरवर्षी पत्रक काढून विनवणी करतात.

उस्तादांचं म्हणणं वेगळंच. गळ्याचं सगळ्यांनी आधीच बोलून झालं होतं, तेव्हा ते म्हणाले की त्या दोऱ्यानं पेचच होत नाही. सुती मांजाला धार असते तसा कमकुवतपणाही असतो. भात, रंग आणि काचेची पूड यांची लुगदी बरेलीचा कारागीर उघड्या मैदानात खांबाखांबांमधून ताणलेल्या दोऱ्यावर हातानं चढवत चालत जातो, आणि प्रत्येक हात वेगळा. आपला मांजा कुठे मऊ पडला आहे हे माहीत असणं, ते समोरच्याला कळू न देणं, म्हणजे पेच. नायलॉनला मऊ जागाच नाही. "उससे पतंग कटती है, पेच नहीं लड़ता." मिठाईवाल्या धाकट्या भावानं विचारलं की मग ती हार रजिस्टरातून खोडायची का. सगळे एकदम नाही म्हणाले. हरलो ते हरलोच, हरकत बाजूला लिहिली आहे. त्यावर अर्धा तास गेला.

मधे गुलाबी काश्मिरी चहा आला. आणि मलईमक्खन, ज्याला इथे निमिषही म्हणतात. दिल्लीत दौलत की चाट, बनारसला मलइयो. थंडीत रात्रभर दवात ठेवलेल्या दुधाचा फेस, वर केशर, जिभेवर ठेवला की काहीच ठेवलं नव्हतं असा. त्याचाही हंगाम हाच. ऊन तापलं की गोल दरवाजापाशी त्याच्या पराती दिसेनाशा होतात. "यंदाचा शेवटचा," मास्तर म्हणाले, आणि मला दुसरं कुल्हड दिलं.

मग मी धीर करून विचारलं. जमघटची नोंद असते का?

कारकुनानं पानं उलटी केली, म्हणजे माझ्या नजरेला उलटी, त्यांच्या लेखी सुलटी. असते, उस्ताद ज्या पेचात स्वतः उतरतात त्यांची असते. बोट ठेवून तो वाचू लागला. परेवा. मैदान, घरचं छत. हवा पछुआ. मांजा बरेलीचा, गेल्या वर्षीचा. उडवणारे उस्ताद. चरखी...

तो थांबला. "चरखी, नासिक वाली बाजी."

"और नतीजा?"

"कटी." मग त्यानं चष्मा वर सरकवला, कारण पुढे बारीक अक्षरात आणखी काही होतं. "चरखी की ख़ता नहीं. माँझा पुराना था."

उस्ताद खिडकीतून खाली बघत होते. गल्लीत कुणीतरी सायकलवरून चालला होता, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

मी म्हणाले, एक दुरुस्ती आहे. नाशिक जिल्हा झाला, गाव येवला. कारकून म्हणाला, चुकीची नोंद क्लबात चालत नाही. त्यानं 'नासिक'वर एक बारीक रेघ मारली आणि 'येवला' कसं लिहायचं यावर मास्तर आणि मुन्शी यांचं जुंपलं. वाव एक की दोन, शेवटी अलिफ की हे. भाचीला मधे पडावं लागलं. शेवटी काहीतरी ठरलं, कारकुनानं शब्द लिहिला, शाईवर फुंकर घातली आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. उजवीकडून मोजत चरखीच्या रकान्यापर्यंत मी बोट नेलं. वळणदार तीन-चार रेघा आणि खाली टिंबं.

"इथे?" मी विचारलं.

"नाही, ती हवा," भाची म्हणाली. "तीन घरं पुढे."